थोरलीला सगळ्यातच धडा दिसायचा

माझ्या थोरल्या जावेला दूध उतू गेलं तरी त्यात देव दिसायचा. मला नुसतं दूध दिसायचं आणि शेगडीवर करपलेला थर दिसायचा, कारण तो घासणारी मी होते.

दूध वर यायला लागलं की गॅस बंद करायचं सोडून ती पातेल्याकडे बोट दाखवायची. "बघ धाकटे, माणसाचा गर्व असाच असतो. आत काही वाढलेलं नसतं, नुसती हवा भरलेली असते. वर येतो तो सांडायलाच."

"ताई, गर्व राहू द्या, आधी गॅस बंद करा!" असं मी ओरडेपर्यंत पातेल्यात निम्मंच उरायचं. मग ती हळहळून म्हणायची की बघ, धडा किती खरा होता. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

मी देव मानत नाही असं कोणी समजू नये. दर रविवारी मीही उपासनेला जाते, गाते, डोळे मिटून बसते. पण देवाला माझ्याशी काही बोलायचं असेल तर तो सरळ माझ्याशी बोलेल, असं माझं मत आहे. तो मुंगीला सांगणार, मुंगी थोरलीला सांगणार आणि थोरली मला सांगणार, एवढा द्राविडी प्राणायाम तो कशाला करेल?

आमचं घर लाकडाच्या वखारीला लागून आहे. पुढे वखार, मागे घर, त्यात दोन भाऊ, दोन जावा आणि स्वयंपाकघर मात्र एक. सासऱ्यांनी वखार उभी केली आणि जाताना दोघा भावांना कामं वाटून दिली. थोरले दीर, ज्यांना आम्ही सगळेच दादा म्हणतो, ते गिऱ्हाईक आणि आरा मशीन बघतात. ओंडके आमच्या ह्यांच्याकडे. गाडी आली की ओंडके उतरवून घ्यायचे, कुठला खाली आणि कुठला वर ते ठरवायचं, रास रचायची, हमालांवर लक्ष ठेवायचं. भुसा सगळ्यांच्या वाट्याला सारखाच. तो केसांत असतो, चादरीत असतो, साबणाला चिकटलेला असतो. थोरलीला त्यातही दिसलंच. कापल्याशिवाय फळी होत नाही आणि कापलं की भुसा सांडतोच, म्हणून देवाने तासलं तर रडू नये. मी म्हटलं, ताई, झाडून घ्या तो.

दिसायला ती उंच, हाडकुळी, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. चालायची ती खाली बघत, कारण धडे बहुतेक जमिनीवर पडलेले असतात. एप्रनचा खिसा कायम फुगलेला. धुवायला घ्यायच्या आधी मला तो उलटा करावा लागायचा. त्यातून पक्ष्याचं पीस, गंजका खिळा, कसलं तरी बी, फुटकं बटण असलं काय काय निघायचं. एकदा मी विसरले, तर त्यातल्या गंजक्या किल्लीने दादांचा पांढरा शर्ट गेला. त्यावर ती काय म्हणाली ते मी इथे लिहीत नाही. पापाच्या डागाविषयी होतं एवढं सांगते.

ती वसतिगृहात वाढली. आईबाप लहानपणीच गेले. तिथे म्हणे जेवणाच्या खोलीच्या दारात एक बाई उभी असायची आणि प्रत्येक मुलीने आज आपण कशातून काय शिकलो ते सांगितलं की मगच तिला ताट मिळायचं. जिला काही सुचायचं नाही ती रांगेत शेवटी. थोरली हे फार कौतुकाने सांगायची, की मी कधी शेवटी गेले नाही, मला दिवसभरात काही ना काही सापडायचंच. मी ऐकून घ्यायचे. मनात यायचं की बाई, आता तुला ताट वाढायला कोणी अडवत नाही, आता तरी थांब.

पण थांबायला ती माझी जाऊ कशाला असती? उलट तिने ती चाल आमच्या गल्लीत आणली. दर बुधवारी दुपारी आमच्या चर्चच्या मंडळीतल्या बायका कुणाच्या तरी घरी जमतात. पूर्वी नुसती गाणी आणि प्रार्थना व्हायची, शेवटी चहा. थोरलीने त्याची बैठक केली. प्रत्येकीने घरातली किंवा रस्त्यातली एखादी वस्तू आणायची आणि तिच्यावरून विश्वासाचा धडा सांगायचा. कुणी जळका दिवा आणायची, कुणी मोड आलेला बटाटा. पाळकबाईंना, म्हणजे आमच्या पाळकांच्या बायकोला, ही कल्पना इतकी आवडली की त्या दर वेळी थोरलीचा धडा शेवटी ठेवायच्या, गोडासारखा.

मीही जायचे. मग एका बुधवारी ती काहीच वस्तू न घेता उभी राहिली आणि म्हणाली, आमच्या घरात एक व्यक्ती आहे, फार कामसू, पण जिभेला धार. देवाने तिला माझ्याजवळ कानस म्हणून ठेवलं आहे, मला घासून गुळगुळीत करायला. सगळ्या बायका माझ्याकडे वळून गोड हसल्या. मी त्या दिवसापासून बुधवारच्या बैठकीला जाणं बंद केलं. घासायचंच असेल तर पातेली पुष्कळ आहेत घरात.

एक मात्र कबूल करते. एकदा कापलेल्या ओंडक्याच्या तोंडावरची वर्तुळं दाखवून ती म्हणाली होती, "ही बारीक वर्तुळं बघ. ही दुष्काळाची वर्षं. वाढ दिसण्यासारखी नाही, पण झाड थांबलेलं नाही." ते मला आवडलं होतं. मी तिला तसं सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिने पाठोपाठ आणखी धडे ऐकवले असते.

आता पाचरीचं सांगते.

आमच्या वखारीत ओंडक्यांची मोठी रास दोन आडव्या तुळयांवर रचतात. सगळ्यात खालचा ओंडका घरंगळू नये म्हणून त्याला दोन पाचरी मारलेल्या असतात, एक फाटकाच्या बाजूला आणि एक मागे, आरा मशीनच्या शेडच्या आडोशाला. पुढची पाचर काढतात, घालतात. मागची कधी हलवायची नाही असा सासऱ्यांच्या काळापासूनचा नियम. ती त्यांनी स्वतः तासलेली, हाताच्या तेलाने काळी पडलेली, वर त्यांची फुलीची खूण. ती दिसत नाही, म्हणून हे रोज सकाळी मागे जाऊन तिला एक लाथ मारून बघायचे. पक्की आहे म्हटलं की कामाला लागायचे.

त्या बुधवारी दुपारी रास संपत आली होती, खाली दोनच ओंडके उरले होते. संध्याकाळपर्यंत कुठली गाडी यायची नव्हती. पण एक गाडी वाट बदलून आधीच आली. ह्यांनी आणि हमालांनी नवे ओंडके त्या दोघांवर चढवायला घेतले. वजन वाढलं तसं खालच्या ओंडक्याचं मागचं टोक सरकलं, तो तिरका झाला आणि वरचे सगळे खाली आले. हे पहार घेऊन मधोमध उभे होते. उडी मारली म्हणून जीव वाचला. डावा पाय गुडघ्याखाली ओंडक्यांत सापडला.

मी आवाज ऐकून धावले. पुढचं मला नीट आठवत नाही. ह्यांच्या चपलेत भुसा रक्ताने भिजून घट्ट झाला होता, ते आठवतं. दादा तेव्हा बाहेर गेले होते, ते थेट दवाखान्यात आले. थोरली त्या वेळी बुधवारच्या बैठकीत होती. निरोप गेला तशी तीही तिकडून दवाखान्यात पळत आली.

पाय राहिला. डॉक्टर म्हणाले, जुळेल, वेळ लागेल. मी देवाचे आभार मानले, आणि ते कुणाच्या मध्यस्थीशिवाय.

संध्याकाळी प्लास्टर घालून ह्यांना घरी आणलं. मग दादांनी वखारीत जाऊन बघितलं तर मागची पाचरच नव्हती. भुसा उकरला, शेड झाडली, कुठे नाही. ते घरी येऊन ह्यांच्या पलंगाशी उभे राहिले.

"मागची पाचर कुठे आहे?"

"जागेवर आहे. सकाळी लाथ मारून बघितली मी," हे म्हणाले.

"नाहीये जागेवर."

"मग कुणी काढली?"

"कोण काढणार? लाकडाच्या वखारीत येऊन चोर पाचर नेईल? त्याला ओंडके दिसले नसते?" दादांचा आवाज चढला. "परवा हमालांना सांगितलंस ना, चहाच्या चुलीला ढलप्या गोळा करा म्हणून? त्यात गेली. तू बघितली नाहीस. तुला वाटतंय बघितली."

"दादा, मी बघितली."

"मग ती उडून गेली का?"

दादा वाईट माणूस नाहीत. त्यांना भीती वाटली होती, आणि भ्यालेल्या माणसाला दोष ठेवायला कोणीतरी लागतं. गल्लीत त्यांनी ओंडके घरंगळले एवढंच सांगितलं, पाचरीचं घरातच ठेवलं. पण त्यांनी ठरवून टाकलं. म्हणाले, पाय बरा झाला की तू फाटकाशी खुर्ची टाकून बस, येणाजाणाऱ्यावर लक्ष ठेव. राशींवर मी बाहेरचा मुकादम आणतो. आज तुझा पाय मोडला, उद्या हमालाचा जीव जाईल. मुकादमाशी बोलणं झालं होतं आणि तो पुढच्या महिन्यापासून येणार होता.

ज्या माणसाने उभा जन्म ओंडके रचले त्याला फाटकाशी खुर्ची! पण मला त्याहून वाईट वाटलं ते दुसऱ्याच गोष्टीचं. ह्यांनी भांडण केलं नाही. पहिले काही दिवस "मी बघितली होती" असं म्हणत राहिले. मग "बघितली होती बहुतेक" म्हणायला लागले. मग एकदा मला म्हणाले, "आदल्या दिवशीचं आठवत असेल गं मला. रोज तेच करतो ना. दिवस मिसळले असतील." त्यानंतर ते सगळ्याचीच खात्री करून घ्यायला लागले. औषध घेतलं का मी? दिवा घालवला का? आत्ताच तुला हे विचारलं का मी? पन्नाशीही न गाठलेला माणूस स्वतःच्या डोक्याला घाबरायला लागला. मी उत्तर द्यायचे आणि स्वयंपाकघरात जाऊन रडायचे.

आणि थोरली? ती रोज सकाळी सूप घेऊन यायची. सूप चांगलं असायचं, ते मी नाकारत नाही. पण प्रत्येक वाटीबरोबर धडा. "भाऊजी, मोडलेलं हाड जुळतं ना, तिथे ते आधीपेक्षा घट्ट होतं. विश्वासाचंही तसंच." दुसऱ्या दिवशी, "भाऊजी, खिडकीतला तो कोळी बघा. जाळं तुटलं की कुरकुरत नाही, पुन्हा विणतो." तिसऱ्या दिवशी आणखी काही. पूर्वी दिवसाला एखादा धडा असायचा, आता सकाळ-संध्याकाळ सुरू झाले. बोलताना ती ह्यांच्या चेहऱ्याकडे न बघता प्लास्टरकडे बघायची. मला वाटलं, बिचारीला ह्यांचे हाल बघवत नसतील. मी तिच्याबद्दल बिचारी हा शब्द वापरला याचा मला अजून राग येतो.

"ताई, ह्यांना झोपू द्या," मी एकदा म्हटलं.

"झोपेतही देव शिकवतो गं."

"मग त्यालाच शिकवू द्या."

असे दिवस चालले होते. मंगळवारी मी ह्यांची पँट घेऊन शिंपीणबाईंकडे गेले. प्लास्टर मावावं म्हणून डावा पाय शिवणीपासून उकलून काठ दुमडायचे होते. शिंपीणबाई मंडळीतल्याच, स्वभावाने भोळ्या, बोलायला लागल्या की सुई दातांत धरूनही थांबत नाहीत. ह्यांची चौकशी करता करता त्यांनी मशीन सुरू केलं. माझं लक्ष खाली गेलं. मशीनचा एक पाय आखूड होता आणि त्याखाली लाकडाचा काळा तुकडा सारलेला होता. त्यावर फुली होती.

मी खाली बसले आणि हात लावून बघितलं. सासऱ्यांचीच फुली.

"ही कुठून आली तुमच्याकडे?"

"ती होय? तुझ्या जाऊबाईंची!" शिंपीणबाईंचा चेहरा खुलला. "त्या दिवशी बैठक माझ्याकडे होती ना. काय सुंदर धडा दिला त्यांनी! म्हणाल्या, एवढीशी पाचर, कुणाला दिसतही नाही, पण अख्खी रास धरून ठेवते. आपला विश्वास असाच, म्हणाल्या. माझ्या तर अंगावर काटा आला. तेवढ्यात तुमच्याकडचा निरोप आला आणि सगळ्या धावल्या, ती इथेच राहिली. न्यायला कोणी आलं नाही, मग मी म्हटलं मशीन तरी डुगडुगायचं थांबेल. का गं, हवी होती का?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी ती पाचर ओढून काढली तसं मशीन एका बाजूला कलंडलं. शिंपीणबाई "अगं अगं" करत राहिल्या. मी पँट तिथेच टाकून घरी आले.

थोरली मागच्या अंगणात नळाखाली पातेलं घासत होती. मी पाचर तिच्यासमोर दगडावर ठेवली. तिने पाचरीकडे बघितलं, मग माझ्याकडे. नळ चालूच होता.

"प्रभू कधी कधी माणसाला अशा वाटेने..." तिने सुरुवात केली.

"प्रभूला मधे आणू नका, ताई. पाचर त्याने नाही उचलली."

ती ओल्या फरशीवर तशीच खाली बसली. एप्रन भिजला तरी तिला भान नव्हतं.

"दोनच ओंडके होते गं," ती म्हणाली. "माणसं जेवायला गेली होती. मला वाटलं दोन ओंडक्यांना काय धरायचंय, संध्याकाळच्या आत आणून ठेवीन. गाडी यायची नव्हती."

"तुम्हाला कळलं कधी?"

"त्याच दिवशी. आमचे हे म्हणाले ना मागची पाचर नाहीये, तेव्हा."

"आणि इतके दिवस तुम्ही ह्यांना कोळी दाखवत होतात?"

ती रडायला लागली. मला तिच्या रडण्याशी काही देणंघेणं नव्हतं. मी नळ बंद केला, कारण मला उत्तर नीट ऐकायचं होतं.

"रोज सकाळी ठरवायचे की आज सांगायचं," ती म्हणाली. "मग प्रार्थनेला बसायचे. विचारायचे, ह्यातून तू मला काय शिकवतोस. आणि काही ना काही सापडायचंच गं. एक दिवस धीर, एक दिवस नम्रता. धडा सापडला की बरं वाटायचं. आणि बरं वाटलं की सांगायचं राहून जायचं."

इतक्या वर्षांत ती माझ्याशी बोललेलं हे पहिलं खरं वाक्य होतं. पण त्या घटकेला मला ते पातेलं उचलून तिच्यावर फेकावंसं वाटत होतं.

"तिकडे आत एक माणूस औषध घेतलं का ते मला चार वेळा विचारतो," मी म्हटलं. "त्याला वाटतंय आपल्या डोक्याचं काहीतरी बिघडलंय. तुम्ही त्याच्यासमोर बसून सूप देता आणि सांगता हाड जुळतं. डोकं कसं जुळतं ते सांगा ना. त्याचा धडा आहे का खिशात?"

"मी आज भाऊजींना सांगते. आजच. एकटीने."

"नाही. उद्या बुधवार आहे. बैठक आपल्याच घरी आहे. सगळ्यांसमोर सांगा."

"सगळ्यांसमोर कशाला गं?"

"पाचरीचा धडा सगळ्यांसमोर दिलात ना? मग हेही तिथेच सांगा. आणि त्यावरून काही शिकवायचं नाही. जे केलंत तेवढंच सांगायचं."

ती हात जोडून म्हणाली की पाळकबाई काय म्हणतील, मंडळी काय म्हणेल, मी परत तोंड कसं दाखवू. मी म्हटलं, तुम्ही नाही सांगितलं तर मी सांगेन, आणि माझ्या जिभेला धार आहे हे तुम्हीच सगळ्यांना सांगून ठेवलंय. मग मी आत निघून आले. ह्यांना काही बोलले नाही. जिने त्यांची स्वतःबद्दलची खात्री काढून घेतली तिनेच ती परत द्यायला हवी होती.

बुधवारी बायका जमल्या. मी खूप दिवसांनी बैठकीत आलेली बघून दोघी-तिघींनी माझा हात दाबला, जणू मी हरवून सापडले होते. ह्यांच्या खोलीचं दार मी मुद्दाम उघडं ठेवलं. पलंगावर उशीला टेकून ते बसले होते, पाय स्टुलावर. दादांना मी वखारीतून बोलावून आणलं. सरळ सांगितलं की ताईंना सगळ्यांसमोर काही बोलायचंय आणि तुम्ही ते ऐकलं पाहिजे. ते केसांतला भुसा तसाच घेऊन दाराच्या चौकटीत उभे राहिले.

गाणं झालं. एकीने अंडं आणलं होतं, एकीने तुटलेला कंगवा. कंगव्याच्या दातांवरून मंडळीच्या ऐक्याचं सांगून झालं. शिंपीणबाई माझी नजर चुकवत होत्या. मग पाळकबाई हसून म्हणाल्या, "आता आपल्या थोरल्या बाई."

थोरली उठली. तिने एप्रन घातला नव्हता. दोन्ही हात मोकळे होते आणि त्यांचं काय करावं ते तिला कळत नव्हतं. मला वाटलं आता ही काहीतरी शोधणार, खिडकीत बघणार, जमिनीवर बघणार. तिने बघितलंही जमिनीकडे. मग मान वर केली आणि ती ह्यांच्या उघड्या दाराकडे वळली.

"भाऊजी, मागची पाचर मी उचलली," ती म्हणाली. "त्या बुधवारी दुपारी. बैठकीत दाखवायला. तुम्ही सकाळी बघितलीत तेव्हा ती जागेवर होती. तुम्ही विसरला नव्हता. मला त्याच दिवशी कळलं होतं. मी सांगितलं नाही."

दादांनी चौकट धरली. त्यांच्या चेहऱ्यावर राग दिसेल असं मला वाटलं होतं, पण ते फक्त म्हातारे दिसले.

पाळकबाईंना शांतता सोसवत नाही. त्या घसा खाकरून उठल्या. "भगिनींनो, किती मोठं धैर्य आहे हे. ह्यातून आपण सगळ्यांनी शिकण्यासारखं म्हणजे..."

"बसा, पाळकबाई," मी म्हटलं. "ह्यात शिकण्यासारखं काही नाही. त्यांनी पाचर उचलली, ह्यांचा पाय मोडला आणि त्या गप्प बसल्या. एवढंच आहे."

पाळकबाई बसल्या. थोरलीने माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत काय होतं ते मला कळलं नाही आणि मी कळून घ्यायचा प्रयत्नही केला नाही.

मग आतून ह्यांचा आवाज आला.

"दादा, मी मारली होती ना लाथ?"

दादांनी चौकट सोडली.

"मारली होतीस," ते म्हणाले.

"सकाळीच मारली होती. पक्की होती."

"हो रे. पक्की होती." दादा आत गेले. पलंगाच्या कडेला बसताना लाकूड करकरलेलं ऐकू आलं. "मुकादमाला नको म्हणून सांगतो आजच. ऐकलंस का? रास तूच लावायचीस."

"मी विसरलो नव्हतो," हे म्हणाले. आणि पुन्हा म्हणाले, "मी विसरलो नव्हतो, दादा." आणि मग ते रडायला लागले. पाय ओढून बसवला तेव्हा दात आवळून गप्प राहिलेला माणूस आता बाहेर बायका बसलेल्या असताना मोठ्याने हुंदके देत होता. मी ह्यांना असं रडताना कधीच ऐकलं नव्हतं. इतके दिवस स्वतःला समजावून समजावून जे आत कोंडलं होतं ते सगळं बाहेर पडत होतं, आणि थांबत नव्हतं.

बायका हळूहळू उठल्या, चपला घालून एकेक निघून गेल्या. चहा तसाच राहिला. थोरली खोलीच्या मधोमध उभी होती. तिला बसा म्हणणं माझ्या हातात होतं. मी म्हटलं नाही. हे रडत होते तोवर ती तिथेच उभी राहून ऐकत होती आणि एक शब्द बोलली नाही.